कॉलरीपाशी अडलेला वर्ग

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खोली दिसते. उजव्या हाताला खिडकी, खिडकीखाली पायाने चालवायचं शिलाई मशीन, वर्षानुवर्षं हात लागून कडा चकाकलेलं. मधोमध इस्त्रीचं टेबल, त्यावर जाडजूड पुस्तकांच्या चवडीवर चढवलेला लॅपटॉप. डावीकडे आतल्या खोलीचं दार, अर्धवट उघडं. प्रकाशयोजना म्हणाल तर सकाळचं ऊन. ते चेहऱ्यावर मऊ पडावं म्हणून खिडकीला पांढरी चादर टांगलेली. ही शक्कल खुद्द नायिकेची.

आणि ही पाहा, नायिका आलीच. गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची गादी, कानामागे खडू, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा केसांत खोचलेला. वय नातवंडं खेळवण्याचं, पण चाल अशी, की पाठीमागे कुणीतरी घंटा दिली असावी. टेबलासमोर येऊन ती उभी राहते, घसा साफ करते आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणते,

"नमस्कार मंडळी! आलात का सगळे?"

प्रेक्षागृहात अंधार. तोही चौकोनी. लॅपटॉपवर काळे चौकोन एकाला एक लागून बसलेले, प्रत्येकाखाली एक नाव आणि एकातूनही हूं नाही की चूं नाही.

"वहिनी, भिंतीला विचारलं असतंस तर निदान पोपडा तरी पडला असता," आतल्या खोलीतून आवाज आला.

"वन्सं, वर्ग चालू आहे."

"चालू आहे? मला वाटलं संपला."

आतला आवाज नणंदेचा. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याने मागे ठेवलेलं घर आणि एकमेकींना टोमणे मारण्याची सवय या दोघींनी नेटाने चालवली होती. नणंद वयाने मोठी, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. आणि वहिनी म्हणजे आमच्या शिवणबाई. त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता जवळपास कुणी उरलं नव्हतं. बँकेतसुद्धा त्यांना कुणी ना कुणी "शिवणबाई, इकडे या," म्हणायचंच.

शिवण त्या मावशीकडे शिकल्या. मग कपड्यांच्या दुकानात काज-बटणं केली आणि पुढे काही वर्षं एका नाटक कंपनीचे पोशाख शिवले. तिथली एक गोष्ट त्या अजून रंगवून सांगतात. प्रयोग ऐन रंगात आला होता. विंगेत उभ्या असलेल्या नायकाच्या कोटाची बाही खांद्यापासून उसवली, आणि रंगमंचावर नायिका त्याला हाका मारतेय. बाई सुईदोरा घेऊन धावल्या. तो आतूनच "आलो, आलो" म्हणतोय आणि या टाके घालताहेत. तिसऱ्या हाकेला तो तसाच सुटला, सुई बाहीला लोंबकळत ठेवून! टोचू नये म्हणून अख्खा प्रवेश त्याने हात अंगाशी घट्ट धरून केला. दुसऱ्या दिवशी जो तो त्याच्या दुखऱ्या हाताच्या अभिनयाचं कौतुक करत होता. "त्या अभिनयाची दिग्दर्शिका मी," असं म्हणून बाई जे हसतात, ते मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जातं.

पुढे एका संस्थेत शिवण शिकवायला त्या हंगामी म्हणून लागल्या आणि तिथेच मुरल्या. त्यांची शिकवण्याची रीत आगळी. वर्गात त्या मुलींकडे पाठ करून बसायच्या आणि स्वतःच्या मशीनवर शिवायच्या. नवख्या मुलींना वाटायचं, बाईंचं लक्ष नाही. मग एखादीचं मशीन थांबायचं. दोरा ओवायला जितका वेळ लागतो त्याहून जरा जास्त वेळ थांबलं, की मान न वळवता बाईंचा आवाज यायचा, "मागच्या खिडकीजवळची, का थांबलीस?" आणि उठून थेट तिच्यापाशी. मुली आपसांत म्हणायच्या, बाईंना पाठीला डोळे आहेत. खरं तर सगळी कमाल कानांची होती. पण बाईंनी तो समज कधी दूर केला नाही. धाक फुकटात मिळत असेल तर कोण नाही म्हणेल?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना संस्थेच्या इमारतीचं छत गळायला लागलं. इमारत दुरुस्तीला निघाली आणि वर्ग गेले ऑनलाइन. पहिल्या दिवशी कुणाचा कुत्रा भुंकला, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची सासू "मीठ कुठं ठेवलंस?" म्हणून ओरडली. पाहायला बसलेल्या संचालकांनी डोक्याला हात लावला. "मॅडम, हा वर्ग आहे की बाजार? सगळ्यांचा आवाज बंद ठेवत चला." बाईंनी नियम पाळला. आवाज बंद झाले, मग हळूहळू कॅमेरे बंद झाले आणि मग माणसंच यायची बंद झाली.

शर्ट कापेपर्यंत वर्ग टिकला होता. खांदे जोडले, बाह्या लागल्या तोवरही ठीक. गळती लागली ती कॉलरीपाशी. बाही किंचित चुकली तर खपून जाते, खिसा तिरका झाला तर पेन लावून लपवता येतो. कॉलर मात्र चेहऱ्याखालीच बसते, सगळ्यांच्या नजरेसमोर. आत बकरमचं कडक कापड घालून दोन टोकं जुळ्या भावांसारखी काढायची. एक टोकदार आणि दुसरं बोथट निघालं, की सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून.

एक दिवस संचालकांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. वरून त्याला विचारणारे होते आणि खालून सांगणारे. मधल्या मध्ये त्याचं भरीत व्हायचं.

"मॅडम, महिनाअखेरीला मी वर्गात येतो. निम्म्या जणांची तरी कॉलर लागलेली दिसली तर ठीक. नाही तर ही बॅच बंद करावी लागेल."

"आणि पुढच्या मुली?"

"त्याची सोय आहे ना! तुमचे धडे एकदाच छान रेकॉर्ड करून घेऊ. ज्याला हवं त्याने हवं तेव्हा पाहावं. तुमचीही दगदग वाचेल."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही? तुम्ही त्यात असणारच की, मॅडम!"

फोन ठेवून बाई मशीनसमोर बसल्या, पण पाय पायडलवर ठेवावासा वाटेना. त्या रेकॉर्डिंगमधल्या बाई त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागल्या. छान हसताहेत, छान शिवताहेत. इकडे कुणी मुलगी थांबली, रडकुंडीला आली, कात्री फेकून उठून गेली, तरी त्या बाई हसतच राहणार आणि शिवतच राहणार.

"काय झालं?" नणंदेने विचारलं.

"मला डब्यात भरून ठेवणार आहेत, वन्सं."

"झाकण घट्ट लावा म्हणावं. तू काय सहजासहजी आत राहणारी नाहीस."

संचालकांनी फोनपाठोपाठ विद्यार्थ्यांचा उत्साह टिकवण्याच्या युक्त्याही पाठवल्या होत्या. सतत हसतमुख राहा. मध्ये मध्ये प्रश्न विचारा. चांगलं काम करणाऱ्याला पडद्यावर चमकणारे तारे द्या. बाईंनी एकही युक्ती सोडली नाही. हसून हसून गाल दुखले. "शर्टाला बाह्या किती?" असल्या प्रश्नाला चौघींनी चॅटमध्ये "दोन" लिहिलं आणि एकीने "तीन", बहुधा गंमत म्हणून. ताऱ्यांची तर खिरापत वाटली. वर्गात एकच पुरुष होता, शहराची बस चालवणारा, मुलीचे कपडे आपण शिवायचे असा पण करून आलेला. त्याने लिहिलं, "बाई, आकाश भरलं ताऱ्यांनी. कॉलर काही उगवेना."

दुपारी बाई एकेकीला फोन करायला लागल्या. वर्गातली एक बेकरी चालवायची; ही बेकरीवाली सापडली ती भट्टीपाशीच. मागून पत्र्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"बाई, शपथेवर सांगते, मला शिकायचंय. पण एकटीने उसवायला बसलं ना, की रडूच येतं."

"अगं, वर्गात तू काय कमी उसवलंस? खांदा तर चारदा!"

"तेव्हा शेजारची पण उसवत असायची ना."

बाईंनी "बरं बरं, होईल" म्हणून फोन ठेवला. पण ते वाक्य डोक्यात अडकून राहिलं, अस्तरात अडकलेल्या टाचणीसारखं. दिसत नाही, पण हललं की टोचतं.

एक नंबर मात्र कधीच लागायचा नाही. वर्ग ऑनलाइन झाल्यावर आलेली ही मुलगी. पडद्यावर नावाच्या जागी तिच्या मोबाईलच्या कंपनीचं नाव दिसायचं. चौकोन नेहमी खालच्या कोपऱ्यात आणि कायम काळा. बाईंनी तिचं नाव कोपऱ्यातली ठेवलं आणि मनातल्या मनात तिला सोडून दिलं. मोबाईल चालू करून झोपत असेल, दुसरं काय.

आणि मग तो दिवस उजाडला ज्या दिवशी बाईंच्या हातून चूक झाली.

वर्ग सुरू होता. कॉलरीचं टोक कसं उलटवायचं ते बाई पुन्हा एकदा दाखवत होत्या. मध्येच कुठून तरी हॉर्न वाजला. ड्रायव्हर बस उभी करून तिथूनच वर्गात आला होता आणि त्याचा आवाज चुकून सुरू राहिला होता. सगळ्यांचा आवाज पुन्हा बंद करावा म्हणून बाईंनी पडद्याला बोट लावलं. पडद्याचा चष्मा केसांत, शिवणकामाचा डोळ्यांवर, बोटाला खडू. जिथे लावायचं त्याच्या खालच्या ओळीला बोट लागलं. काही झालेलं दिसलं नाही, म्हणून बाई सवयीने पाठ करून मशीनवर बसल्या आणि शिवायला लागल्या.

तिकडे घरोघरी पडद्यावर अक्षरं उमटली, की तुम्ही आवाज सुरू करावा अशी बाईंची इच्छा आहे.

इतक्या दिवसांत हे कुणी म्हटलंच नव्हतं. एकेकीने निमूटपणे आवाज सुरू केला आणि बाई आता काय विचारताहेत म्हणून वाट पाहिली. बाई काहीच विचारीनात. त्यांची पाठ दिसत होती आणि त्यांचं मशीन ऐकू येत होतं. ही पाठ जुन्या मुलींच्या ओळखीची. ती दिसली की काय करायचं, हे कुणी सांगायला नको होतं. एकीने पायडल दाबलं. ते ऐकून दुसरीने. मग तिसरीने.

आधी आवाज पोचला तो नणंदेपर्यंत. भिंतीला धरून धरून ती दारात आली.

"वहिनी, घरात कारखाना कधी उघडलास?"

बाईंचा पाय थांबला. त्यांचं मशीन बंद, तरी खोलीत मशिनं वाजत होती. एक घोड्यासारखं दौडणारं, एक दम्याने धापा टाकणारं, एक विजेवरचं, सुर्र करून पळणारं. बाई वळल्या. चौकोन तसेच काळे, पण त्यांच्यातून अख्खा वर्ग ऐकू येत होता. बाईंनी तोंडावर हात धरला. नणंदेने त्यांच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच टोमणा गिळला.

तेवढ्यात दम्याचं मशीन थांबलं. बाईंनी कान टवकारले. थोडी वाट पाहिली. आणि मग त्यांचा जुना आवाज लागला.

"बेकरीवाली, का थांबलीस?"

पलीकडे काहीतरी खणकन खाली पडलं. "अगं बाई! बाई, तुम्हाला दिसतंय?"

"दिसायला कशाला हवं? टोक बिघडलं ना?"

"बोथट आलं. पुन्हा उसवू?"

"उसव की. मीही उसवतेय, बघ." बाईंनी आपली चांगली जमलेली कॉलर उचलली आणि टाके काढायला सुरुवात केली.

"मग मीही उसवतो," ड्रायव्हर म्हणाला, "माझीही काही धड नाही. एक कान सशाचा आणि एक हत्तीचा."

"तुम्ही आधी बस नीट लावा!" कुणीतरी म्हणालं, आणि कितीतरी दिवसांनी वर्ग हसला. मोठ्याने, बाजारात हसतात तसा.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी आवाज सुरूच ठेवायला सांगितलं. आता कुत्रा भुंकायचा, सासूला मीठ सापडायचं नाही, बेकरीवालीकडे गिऱ्हाईक आलं की वर्गालाही कळायचं आज पाव संपले. पण गेलेल्यांपैकी काही जणी परतल्या. सगळ्या नाही. एकीने नोकरी धरली होती. एकीने सरळ सांगितलं, "बाई, शिवण माझ्या हाताला नाही," आणि बाईंनी तिला आशीर्वाद देऊन मोकळं केलं. बाईंचे कानही दरवेळी बरोबर निघायचे असं नाही. एकदा त्या पाच मिनिटं "दोरा नीट ताण" म्हणून समजावत राहिल्या, तो आवाज कुणाच्या तरी घरच्या वॉशिंग मशीनचा निघाला.

कोपऱ्यातल्या चौकोनातून मात्र काहीच यायचं नाही. आवाज सुरू असायचा, पण ऐकू यायचा तो फक्त पंखा. एक दिवस बाईंना राहवेना.

"कोपऱ्यातली, अगं, तू आहेस का तिथं?"

मग अगदी हळू, कुजबुजल्यासारखं, "आहे, बाई."

"मग मशीन का नाही चालवत?"

"एकच खोली आहे, बाई. हे रात्रपाळी करून आत्ताच झोपलेत. मशीन लावलं तर उठतील." मग आणखी हळू, "मी हाताने कच्चे टाके घालते. तुमच्या सगळ्यांबरोबर. मग संध्याकाळी हे कामावर गेले की मशीन मारते त्याच्यावर."

"रोज?"

"रोज. आधी कंटाळा यायचा. आता कानात सगळ्यांची मशिनं वाजतात ना, तर हात आपोआप चालतो." आणि घाईघाईने, "पण बाई, माझ्यामुळे तुम्ही आवाज बंद करू नका हं. मी कानाला लावून ऐकते, यांना काही ऐकू येत नाही."

जिला आपण झोपलेली समजलो, ती दुसऱ्याची झोप सांभाळत बसली होती. बाईंनी केसांतला चष्मा काढून पुसला, खरं तर त्याच्यावर काही नव्हतं. "हळू बोल गं," त्या स्वतःही कुजबुजत म्हणाल्या, "आणि टाके बारीक घाल."

महिनाअखेर आली. त्या सकाळी बाईंनी खिडकीची चादर दोनदा सारखी केली. नणंद खुर्ची घेऊन कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसली; म्हणे, विंगेत कुणीतरी असावं.

संचालकांचा चौकोन उघडला. मागे पुस्तकांचं कपाट, पुढे गंभीर चेहरा. पहिलाच शब्द त्यांच्या कानावर आला तो कुणाच्या तरी सासूचा.

"मॅडम, आवाज बंद ठेवायचं ठरलं होतं ना?"

"हो, सर. माझ्याच बोटाने सुरू झाला. पण मग मीच राहू दिला."

संचालकांनी उसासा सोडला. "बरं. कॉलर दाखवा."

कॅमेरे एकेक करून उघडले आणि चौकोनांमध्ये प्रकाश पडला. कुणाच्या मागे पलंग, कुणाच्या मागे कपाट, बेकरीवालीच्या मागे पिठाच्या गोण्या, आणि पुढे धरलेले शर्ट. ड्रायव्हरने तर अंगातच घातला होता, मुलीच्या मापाचा, गळ्यापाशी जेमतेम आलेला. त्याच्या कॉलरीचा हत्ती अजून पुरता ससा झाला नव्हता, पण नात्यातला तरी वाटत होता. संचालक बोट नाचवत मोजत गेले आणि एका जागी थांबले.

"एक कमी पडतेय, मॅडम."

नणंदेने विंगेतूनच मान पुढे काढली.

"मी आहे, सर," खालच्या कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं. काळा चौकोन पहिल्यांदाच उजळला. चेहरा अर्धाच दिसला, पण हात पुढे आले आणि हातांत शर्ट. कॉलरीची दोन्ही टोकं अशी, जणू एकाने दुसऱ्याला आरशात पाहिलेलं. बाई पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

"ही कोण? इथे नावच नाही," संचालक म्हणाले.

तिने नाव सांगितलं. हळूच, मागे झोपलेल्या माणसाकडे बघत. वर्गाने ते पहिल्यांदाच ऐकलं आणि कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी नुसते हात वर करून हलवले. तिच्या घरात कुणीतरी झोपलंय, हे आता सगळ्यांना माहीत होतं.

"झाली निम्मी," संचालक म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं. "बॅच चालू ठेवू. रेकॉर्डिंगचं मग पाहू कधीतरी."

"म्हणजे झाकण नको," नणंद पुटपुटली.

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. पुढचा धडा काजाचा. "चला, कापडाचा एक तुकडा घ्या आणि सुरू करा," एवढं म्हणून त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली. घराघरांतून मशिनं सुरू झाली. घोडा दौडला, दम्याला धाप लागली, विजेवरचं सुर्र करून पळालं.

संचालक मात्र गेले नव्हते. माणूस खूश झाला की बोलतो. "मॅडम, खरंच कौतुक आहे तुमचं. बाकीच्या शिक्षकांना हे सांगायला हवं. विद्यार्थ्यांचा उत्साह टिकवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, तुमची पद्धत काय, यावर तुम्ही एकदा सविस्तर..."

बाईंनी मान न वळवता एक बोट वर केलं.

"सर, तुमचा आवाज तेवढा बंद करा. कुणाचं तरी मशीन थांबलंय, आणि कुणाचं ते मला कळत नाहीये."